चिचुंद्री मनमाडला उतरली

कुमुदिनी : हा उंदीर आहे, मृणाल.

मृणाल : उंदीर नाही गं आत्या, चिचुंद्री. पुस्तकाच्या नावातच आहे बघ. ‘चिचुंद्री निघाली बदलीला.’

कुमुदिनी : नावात असेल, नाकात नाही. चिचुंद्रीचं नाक हे एवढं. आधी नाक घरात येतं, मागून ती. तुझ्या मामेसासूबाईंसारखं.

मृणाल : आत्या! जयेशनं काढलंय ते. दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहतो बिचारा, दिवसभर चित्रं काढतो. त्यानं चिचुंद्री बघितलीच नाही म्हणे. मी तरी कुठे बघितलीय?

कुमुदिनी : मुनिरक्यात राहतो आणि चिचुंद्री बघितली नाही? म्हणजे तिनं त्याला बघितलंय. सांग त्याला, पलंगाखाली वाक म्हणावं.

मृणाल : चलो, नाक लांब करायला सांगते. सोमवारी प्रेसला जायचंय, तेवढं होईल. बाकीचं वाच ना. तुला मुद्दाम गुडगावहून बोलावलं ते त्यासाठीच. आजोबांच्या तोंडून ही गोष्ट ऐकलेली माणसं कल्पनाआत्या गेल्यापासून दोनच उरलीत, बाबा आणि तू. बाबांनी पास केलंय.

कुमुदिनी : दिनूदादानं पास केलं? सबंध नोकरीत त्यानं कुठली फाइल पास केल्याचं ऐकलं नव्हतं. ‘चर्चा करावी’ लिहून वर ढकलायचा. कुठे गेलाय?

मृणाल : खाली, भाजी आणायला. तू येणार म्हणून गवार शोधतायत. गाझियाबादमध्ये चांगली गवार मिळेपर्यंत ते परत यायचे नाहीत, तोवर तुझं वाचून होईल.

कुमुदिनी : पन्नास वर्षांपूर्वी एकदा मी त्याच्याकडे गवार दोनदा वाढून घेतली. तेव्हापासून मला गवारच. माणूस एकदा नोंद करून ठेवतो, मग खोडत नाही. आण इकडे. आणि तो पंखा कमी कर, पानं उडतात.

मृणाल : हे पहिलं पान. क्वार्टर, सामानाची बांधाबांध, काळ्या ट्रंका.

कुमुदिनी : ट्रंक कोण म्हणायचं? पेटी. पण रंग बरोबर आहे. पांढऱ्या अक्षरात फौजेतला नंबर, हुद्दा, नाव. हवालदार हिंमतराव. छान. जुन्या ठाण्याचं नाव खरवडून नवं घालायचे नाना, ते पण आहे. आणि हे काय, झाकणावर दोन पोरं बसवलीत?

मृणाल : चूक आहे का?

कुमुदिनी : चूक कसली! पेटी मिटायचीच नाही, इतकं आई कोंबायची. मग नाना आम्हाला वर बसवायचे आणि खालून कडी घालायचे. हा मोठा म्हणजे दादा आणि ही शेंबडी म्हणजे मी?

मृणाल : शेंबडी नाही, ते गालावर हायलाइट आहे.

कुमुदिनी : हायलाइट. बरं. हे कोणी सांगितलं तुला?

मृणाल : सगळं बाबांनीच. मी लहान असताना रोज रात्री हीच गोष्ट. आजोबा बदलीच्या आदल्या दिवशी पेटी भरताना सांगायचे ना? चिचुंद्री हळूच पेटीत शिरते, आजीच्या लुगड्यात लपते, झाकण लागतं, कुलूप लागतं. पुढच्या पानावर बघ, सगळा अंधार आहे आणि फक्त दोन डोळे. प्रज्ञा तर या पानावर फिदा आहे. प्रज्ञा म्हणजे माझी संपादक.

कुमुदिनी : अंधार चांगला काढलाय तुझ्या जयेशनं. पुढे?

मृणाल : पुढे पेटी मालगाडीत. मग हे मनमाड. चिचुंद्रीला रडू येतं. कडीशेजारी फट असते, तिथून ती बाहेर पडते, मनमाडला उतरते आणि रुळारुळानं चालत परत निघते. हा सिग्नलवाला तिला वाट दाखवतो. हे कोरेगाव स्टेशन. तिथून बैलगाडीच्या खालून वडूज. आणि शेवटचं पान बघ.

कुमुदिनी : वाच तूच. ही अक्षरं फार बारीक.

मृणाल : ‘तिनं दार वाजवलं. आतून काकी म्हणाली, कोण? ती म्हणाली, मीच. काकी म्हणाली, जेवलीस का?’ संपलं. इथे मी स्वतः रडते दरवेळी. तू का हसतेस?

कुमुदिनी : ही कुठली गोष्ट?

मृणाल : कुठली म्हणजे? आपलीच. आजोबांची. मागे छापलंय बघ, ‘माझे आजोबा बदलीच्या वेळी आपल्या मुलांना सांगत, ती गोष्ट जशीच्या तशी.’

कुमुदिनी : जशीच्या तशी कुलपापर्यंत आहे. पुढे चिचुंद्री परत कशाला येईल बाई? ती आमच्याबरोबर होती. अंबाला, मेरठ, झाशी, सगळी ठाणी केली तिनं. नानांपेक्षा तिची सर्व्हिस जास्त झाली असेल.

मृणाल : म्हणजे?

कुमुदिनी : म्हणजे नाना कुलूप लावायचे आणि गप्प व्हायचे. आम्ही मागे लागायचो, पुढे काय, पुढे काय. तर म्हणायचे, पुढचं पेटी उघडल्यावर. चिचुंद्रीनं येताना काय आणलं ते तिथंच कळेल. पेट्या यायच्या मालगाडीनं, आमच्या मागाहून, कधी कधी महिन्यानं. तोवर रिकाम्या क्वार्टरमध्ये वळकटीवर झोपायचं आणि चिचुंद्रीची वाट बघायची. जुन्या गावची आठवण काढून रडायला वेळच नसायचा.

मृणाल : आणि पेटी उघडल्यावर?

कुमुदिनी : काहीतरी निघायचं. लुगड्याच्या घडीत. अंबाल्याला शेजारच्या सरदारणीच्या पोराशी माझी गट्टी होती, तर मेरठला पेटीतून त्याची लाल चक्री निघाली, मांजासकट. मेरठचं घर सोडताना धाकटी कल्पना मागच्या दाराला धरून बसली होती, सोडेना. झाशीला पेटी उघडली तर त्या दाराची कडी. पितळी, आख्खी.

मृणाल : आजोबांनी सरकारी क्वार्टरची कडी काढून आणली?

कुमुदिनी : नानांनी कशाला? चिचुंद्रीनं आणली. क्वार्टर तपासायला आलेल्या बाबूला पण त्यांनी हेच सांगितलं असणार. असं प्रत्येक बदलीला. गोष्ट अर्धी तोंडानं, अर्धी हातानं.

मृणाल : आत्या, यार. हे... हे कमाल आहे. तुला कळतंय का हे काय आहे? अंधाराचं पान, मग रिकामं घर, वाट बघणं, आणि मग पेटी उघडणं. शेवटच्या पानाला झाकणच करता येईल, मुलांनी स्वतः उघडायचं! माझा शेवट यापुढे काहीच नाही. थांब, प्रज्ञाला फोन लावते.

कुमुदिनी : लाव. पण आधी मला सांग, हा चालत परत येण्याचा शेवट तू रचलास?

मृणाल : नाही! बाबा असाच सांगायचे. शब्दसुद्धा तेच. ‘जेवलीस का’ पण त्यांचंच.

कुमुदिनी : अच्छा.

मृणाल : अच्छा काय?

कुमुदिनी : काही नाही. हिशेब जुळवतेय. बेळगाव ही नानांची पहिली क्वार्टर. तिथून बदली झाली अंबाल्याला. दादा नऊ वर्षांचा. तिकडे शाळा हिंदी, पुन्हा दोन वर्षांनी तिसरीकडे, पोराचं नुकसान होईल म्हणून त्याला वाटेत कोरेगावला उतरवला. काका न्यायला आले होते. पुढे मॅट्रिकपर्यंत तो वडूजला काकांकडेच.

मृणाल : ते माहितेय मला.

कुमुदिनी : माहीत आहे, पण मांडून बघितलं नाहीस. बेळगावची पेटी भरताना त्यानं गोष्ट ऐकली. एकदाच. झाकणावर बसून. पेट्या गेल्या अंबाल्याला. तो गेला वडूजला.

मृणाल : म्हणजे उघडताना बाबा कधी नव्हतेच.

कुमुदिनी : एकदाही नाही. मग अर्ध्या गोष्टीचं पोरगं काय करणार? जिथं आपण राहिलो तिथं चिचुंद्रीला आणून सोडली. आणि काकी काही ‘जेवलास का’ विचारणाऱ्यातली नव्हती, ते पण सांगून ठेवते.

मृणाल : आत्या, प्लीज. त्यांना हे बोलू नकोस. ते पुढच्या महिन्यात महाराष्ट्र मंडळात वाचून दाखवणार आहेत पुस्तक. रोज सकाळी सोसायटीच्या बागेत तयारी चालू आहे. शेजारच्या नेगीसाहेबांना हिंदीत आणि ते उठून गेले की बाकाला मराठीत. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त... आले वाटतं.

(दिनकर भाजीची पिशवी घेऊन येतात.)

दिनकर : गवार मिळाली. जून आहे थोडी, पण मिळाली. कुमुद, केव्हा आलीस? पाहिलंस का पुस्तक? काही आक्षेप?

कुमुदिनी : नाक आखूड आहे.

दिनकर : ते माझ्याही लक्षात आलं होतं. मी त्या मुलाला कळवलं होतं. बाकी सर्व तुझ्या माहितीशी जुळतं ना?

मृणाल : बाबा, चहा टाकू?

दिनकर : मी काय विचारतोय कुमुदला? मृणाल, तू फोन हातात घेऊन उभी का? चेहरा का असा?

मृणाल : काही नाही. आत्या आजोबांच्या पेट्यांचं सांगत होती.

दिनकर : काय सांगत होती?

कुमुदिनी : दादा, तू बस आधी. पिशवी खाली ठेव. चिचुंद्री परत येते हे तुला नानांनी सांगितलं?

दिनकर : गोष्ट तशीच आहे.

कुमुदिनी : कधी सांगितलं?

दिनकर : कधी म्हणजे? त्याला आता पासष्ट वर्षं झाली. तारीख कशी सांगू? बेळगावला. पेटी भरताना.

कुमुदिनी : पेटी भरताना कुलपापर्यंत. पुढचं पेटी उघडल्यावर, असं म्हणाले होते.

दिनकर : ...हो. असं म्हणाले होते खरं.

कुमुदिनी : मग?

दिनकर : मग काय? माझ्यापुढे पेटी उघडली नाही. चिचुंद्री आत कोंडून किती दिवस ठेवायची?

मृणाल : बाबा, तुमचा शेवट मला आवडतो. मी लहानपणापासून...

दिनकर : थांब जरा. कुमुद, पेटी उघडल्यावर काय व्हायचं?

कुमुदिनी : काहीतरी निघायचं. मागच्या गावचं. नाना लपवून ठेवायचे, म्हणायचे चिचुंद्रीनं आणलं. मला चक्री निघाली एकदा. कल्पनाला दाराची कडी.

दिनकर : ती पितळी कडी? कल्पनाच्या लग्नात तिच्या सामानात होती ती? मला वाटलं, असंच काहीतरी.

कुमुदिनी : तीच.

दिनकर : मला कोणी बोललं नाही.

कुमुदिनी : तू विचारलं नाहीस. मे महिन्यात यायचास पाहुण्यासारखा. आईला ‘अहो आई, पाणी मिळेल का’ म्हणायचास. पाहुण्याला कोण घरातली गोष्ट सांगतं?

मृणाल : आत्या!

दिनकर : असू दे, बरोबर बोलतेय ती. मृणाल, मजकूर बदलून घे. सोमवारपर्यंत होत नसेल तर तारीख पुढे ढकल. माझ्या माहितीत त्रुटी होती, तसं तुझ्या प्रज्ञाला कळव.

मृणाल : शेवट राहू दे ना. मागची ओळ बदलू. ‘आजोबांनी सांगितलेली’ ऐवजी ‘बाबांनी सांगितलेली’ लिहू. सिंपल.

दिनकर : बिल्कुल नाही. माझी कसली गोष्ट? मी काही गोष्टी रचणारा माणूस आहे का? मी ती नानांची म्हणून सांगत होतो. माझ्याजवळ त्यांचं दुसरं होतं काय? तुझ्या आत्याकडे चक्री आहे, कल्पनाकडे कडी होती. माझ्याकडे ही एक होती, तीही अर्धी निघाली. ठीक आहे. कागदपत्र बघून बोलायला हवं होतं.

मृणाल : आणि मंडळातलं वाचन?

दिनकर : ज्याला पूर्ण माहिती आहे त्यानं वाचावं. कुमुद वाचेल. तिचा आवाजही मोठा आहे. मी गवार निवडतो.

कुमुदिनी : बस खाली. आयुष्यभर विषय अडचणीचा झाला की तुझी गवार निघते. माझं अजून संपलेलं नाही.

दिनकर : आता काय राहिलं?

कुमुदिनी : सगळ्या पेट्यांतून काहीतरी निघालं, असं मी म्हटलं का?

मृणाल : म्हटलंस. प्रत्येक बदलीला, म्हटलंस.

कुमुदिनी : मेरठपासून पुढे प्रत्येक. पहिलीतून नाही. बेळगावहून अंबाल्याला आली ती पेटी. मी सहा वर्षांची होते, कल्पना रांगत होती. पेटी आली, मी धावले, नानांनी कुलूप काढलं. आत चिचुंद्रीचं काही नाही. घड्या सगळ्या उलगडून बघितल्या.

दिनकर : बेळगावची. म्हणजे मी झाकणावर बसलो होतो, तीच.

कुमुदिनी : तीच. तुला कोरेगावला उतरवलं त्या खेपेची. मी भोकाड पसरलं. नाना, चिचुंद्री कुठंय? तिनं काय आणलं?

दिनकर : नाना काय म्हणाले?

कुमुदिनी : नाना म्हणाले, चिचुंद्री वाटेत उतरली. दिनूकडे गेली ती.

दिनकर : असं म्हणाले?

कुमुदिनी : असंच.

दिनकर : कुठे उतरली, ते म्हणाले?

कुमुदिनी : आता सहा वर्षांच्या पोरीला कोण स्टेशनं सांगत बसतं?

दिनकर : नाही, मनमाडलाच उतरली असणार. तिथं डबे तोडून जोडायचे. गाडी बराच वेळ थांबायची. उतरायचं तर तिथंच उतरणं सोयीचं.

कुमुदिनी : तू म्हणतोस तर मनमाड.

दिनकर : मृणाल, मग मजकूर बदलण्याचं कारण उरत नाही. मागची ओळसुद्धा जशीच्या तशी राहू दे. फक्त ते कोरेगाव स्टेशनचं पान आण इकडे. मी परवाच म्हणणार होतो, हे छप्पर कौलारू दाखवलंय. पत्र्याचं होतं. त्यावर ऊन पडलं की कडकड वाजायचं. मी बाकावर बसून ऐकलंय, काका तिकीटवाल्याशी बोलत होते तोवर. त्या मुलाला फोन कर, पत्रा काढ म्हणावं. नको, मीच करतो. त्याला पत्रा कसा असतो ते समजावून सांगावं लागेल. नंबर आहे माझ्याकडे.

मृणाल : बाबा, तो जेवत असेल आत्ता.

दिनकर : जेवत असेल तर विचारतो, जेवलास का. कुमुद, तू गवार घेऊन जा घरी. इथे आता वेळ नाही शिजवायला. तुझ्या मुलाला, साकेतला सांग, शेंगदाण्याचं कूट घाल.

कुमुदिनी : बघ. झाली फाइल पास. चल, मला लिफ्टपर्यंत सोड. साकेत मानेसरच्या ऑफिसातून निघून खाली येऊन थांबलाय, दोनदा फोन वाजला त्याचा.

मृणाल : पिशवी मी घेते. चप्पल ही घाल, ती बाबांची आहे.

कुमुदिनी : तुमच्याकडे लिफ्ट यायला एक पिढी लागते.

मृणाल : आत्या, तुझा शेवट मात्र वाया गेला. पुस्तकासाठी सोनं होतं ते.

कुमुदिनी : सोनं कुठे पळून जातंय? दुसरं पुस्तक काढ. अंबाल्यापासून पुढची चिचुंद्री त्यात घाल. त्यावर माझं नाव घाल, मी दादासारखी लाजणार नाही. आणि माझे गाल स्वच्छ ठेव.

मृणाल : घालते. एक विचारू? ती पहिली पेटी खरंच रिकामी होती?

कुमुदिनी : रिकामी कशी असेल? खचाखच भरली होती. आईची पातेली, परात, नानांचे बूट. आणि सगळ्यांत वर दादाचा शाळेचा सदरा. आईनं घाईत भरला होता, त्याच्या सामानात द्यायचा राहिला. चिचुंद्रीचं तेवढं काही नव्हतं.

मृणाल : आणि मग तू विचारलंस, चिचुंद्री कुठंय.

कुमुदिनी : विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. नाना सदरा हातात घेऊन बसले होते. मग त्यांनी त्याची घडी घातली, परत आत ठेवला आणि झाकण लावलं. बाकीचं सामान आईनं दुसऱ्या दिवशी काढलं.

मृणाल : आणि म्हणाले, ती दिनूकडे गेली.

कुमुदिनी : नाही गं. काहीच म्हणाले नाहीत. ते आज मी म्हटलं. आली बघ लिफ्ट.